शेजारचा वाफा

विंझर, ता. वेल्हे
९ डिसेंबर २०२४

तीर्थरूप वन्सं,

पाया पडते. आम्ही इकडे मजेत आहोत आणि तुम्हीही गुडघा सोडून बाकी मजेत असाल असं धरून चालते. दिवाळीत दिलेलं तेल चोळता का, की बाटली देवळीत ठेवून तिलाच हळदकुंकू वाहता? तुमची नाचणी एव्हाना झोडून झाली असेल. आमचं भात घरात आलं. इंद्रायणी बरी उतरली, फक्त कडेचं एक खाचर रानडुकरांनी लोळवलं. तेवढं चालायचंच.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, हिला काय झालं, मोबाईल असताना कागद काळे करते. वन्सं, हिर्डोशीत रेंज येते ती तुमच्या दारच्या आंब्याखाली, आणि तुम्ही तिथं उभ्या राहून बोलायला लागलात की निम्मा गाव आपलं काम सोडून कान देतो. मला तुम्हाला एक विचारायचं आहे. ते तुमच्या एकटीसाठी आहे. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही म्हणालात तर मी पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. हे मी देवापुढे बसून ठरवलं आहे. पण एकदम तिथं यायला हात होत नाही, म्हणून आधी बाकीचं लिहिते. मधली पानं सोडून शेवटाला उडी मारू नका. तुमची खोड मला ठाऊक आहे, ताटात आधी गोडावर हात.

दिवाळीत तुम्ही आमच्या गवताला पोट धरून हसलात. गुरांना घालायचं नाही, पेंढा म्हणून वापरायचं नाही, आणि त्याला राखायला पगारी बाया. मी तेव्हा तुमच्याबरोबर हसले, कारण पहिल्या दिवशी मीही तशीच हसले होते. आज ते नीट सांगते.

वरच्या मळ्याचा तो उतार बियाणांच्या एका कंपनीनं खंडानं घेतलाय हे तुम्हाला माहीत आहे. गोल्फ म्हणून खेळ असतो. मैलभर मैदानातून काठीनं चेंडू मारत न्यायचा आणि शेवटी एका भोकात घालायचा. त्या भोकाभोवतीची जागा म्हणजे ग्रीन. तिथलं गवत तांदळाच्या दाण्याच्या निम्म्याएवढं बारीक कापलेलं हवं, आणि तेही रोज. आपलं कुठलंही गवत असं कापलं तर चार दिवसांत पिवळं पडून माती दाखवेल. बेंट नावाचं हे परदेशी गवत ते सोसतं. फक्त ते थंड मुलखातलं. आपला उन्हाळा आणि वेल्ह्याचा पाऊस त्याला सोसत नाही. म्हणून आमच्या वनिता मॅडम, त्या आपल्या भोरच्याच, गवताचं शिकून डॉक्टर झालेल्या, त्यांनी शेकडो प्रकारची बेंट इथं लावली आहेत. आपल्या हवेत जे मरेल ते मरू द्यायचं. जे जगेल ते जपून उचलायचं आणि हिमाचलात पाठवायचं. इथं त्याला तुरा येत नाही, तिकडच्या थंडीत येतो. तिथं जगलेली सगळी रोपं जवळजवळ लावतात आणि पुढचं काम वारा करतो. त्यातून जे बी येतं ते पुन्हा इथं आणून पेरायचं, पुन्हा उन्हात तापवायचं, पुन्हा निवडायचं. मॅडमनी हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा माझ्याबरोबर कामाला असलेली बाळाबाई म्हणाली होती, मंग ही सोयरीकच की, पोरी तेवढ्या लई लांब दिल्या.

चेंडूची परीक्षा तर तुम्ही बघायलाच हवी होती, पण त्या दिवशी तुम्हाला करंज्या तळायच्या होत्या. दोन हात लांब पत्र्याची पन्हळ असते. तिच्या खाचेत चेंडू ठेवायचा आणि एक टोक हळूहळू उचलायचं. कुणी ढकलायचं नाही, चेंडू आपला आपण निघाला पाहिजे. मग तो गवतावरून किती लांब गेला, सरळ गेला की वाकडा, ते बघायचं. चेंडू निघाला की आम्ही बाया त्याच्या बरोबरीनं चालतो आणि त्याला तोंडानं पुढं हाकतो, बैलाला हाकतात तसं. मॅडम ओरडतात, ताई, जमीन हलतीय. तरी आम्ही चालतोच.

पावसाळ्यात याच गवतावर रुपयाएवढे गोल डाग पडतात. बाळाबाईचं म्हणणं, कंपनीच्या गवताला रोगसुद्धा पैशाचाच होतो.

आता दवाचं सांगते. हिवाळ्यात उजाडताना त्या वाफ्यांवर दव असतं. ओल्या गवतावर मशीन फिरवलं की पात्याला गवत चिकटतं आणि कापणी वेडीवाकडी होते. म्हणून कापायच्या आधी दव झाडायचं. त्याला लांब जाड दोर असतो. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि दोघांनी दोन कडांनी सारख्या पावलांनी चालायचं. दोर गवतावरून सरकतो आणि मागं सगळं कोरडं होत जातं. एक जण पुढं पळाला की दोर तिरका होतो, मधेच उचलला जातो, आणि तेवढा पट्टा ओला राहतो. माझ्या टोकाला मी असते. दुसऱ्या टोकाला मानसिंगराव असतात.

तुम्ही त्यांना पाहिलंय. दिवाळीत चिवड्याचा डबा घेऊन आले होते ते. वेल्ह्याच्या बाजाराच्या मागं त्यांचं घर आहे. अर्धं आयुष्य पुण्यात गोल्फच्या मैदानावर मशीन चालवण्यात गेलं. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाया त्यांना मशीनवाले म्हणतात. बोलणं एवढं कमी की पहिले दोन महिने आमच्यातल्या अक्काबाईला वाटलं, माणूस मुका आहे. दोराचं काम मला मिळालं ते उंचीमुळं. बाकीच्या बुटक्या, त्यांच्याकडचं टोक खाली झुकतं आणि दोर सारखा फिरत नाही.

सुरुवातीला मी पळायची. तुम्हाला माहीत आहे माझी चाल, हे असताना मला म्हणायचे की तू बाजाराला नाही, आगीला निघालीस. मानसिंगराव दोर तिरका झाला की जागच्या जागी उभे राहायचे. मग मीही थांबायची, मागं बघायची, ओला पट्टा दिसायचा. एक हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात माझी पावलं आपोआप त्यांच्याबरोबर पडायला लागली आणि मला ते कळलंसुद्धा नाही. अक्काबाईला कळलं.

हे झालं एक. आता आमची फजिती ऐका, गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यातली. ती मी तुम्हाला आजवर सांगितली नाही, कारण तिच्या शेपटीला दुसरी गोष्ट बांधलेली आहे.

मे महिना होता. खालच्या तुकड्यात बेंटची एकेक रोपं ओळीनं लावलेली होती, आपली भाताची लावणी असते तशीच. ऊन असं की कौलं तडकत होती. रोपं पटापट जायला लागली. मॅडम पुण्याला मीटिंगला गेलेल्या, मानसिंगराव भाचीच्या लग्नाला. आम्ही बायाच होतो. मॅडम सोमवारी पाहुणे घेऊन येणार असं कळलं. वन्सं, तुम्हीच सांगा, लावणीनंतर खाचरात मोकळ्या जागा दिसल्या तर आपण काय करतो? नांगे भरतो. ते कुणी शिकवावं लागत नाही, नांगा दिसला की हात शिवशिवतात. पाहुण्यांसमोर मॅडमचं शेत टक्कल पडल्यासारखं दिसायला नको म्हणून आम्ही कडेच्या दाट वाफ्यातून रोपं काढली, प्रत्येकीनं आपली पात धरली आणि संध्याकाळपर्यंत एकूण एक नांगा भरून टाकला. वर पाणी मारलं. काय सुंदर दिसत होतं म्हणून सांगू. बाळाबाईनं तर दृष्ट काढली.

मॅडम सोमवारी आल्या. पाहुण्यांचं येणं पुढं ढकललं होतं, तेवढं आमचं नशीब. त्यांनी ते हिरवंगार शेत बघितलं आणि बांधावर बसल्या. ओरडल्या नाहीत. पाण्याची बाटली काढली, प्यायल्या, आणि हळूच म्हणाल्या, "ताई, मेलेलीच तर मला मोजायची होती."

आम्हाला काही समजेना. मग त्यांनी समजावलं. कोण गेलं ते दिसलं पाहिजे. गेलेल्याची जागा रिकामी दिसली नाही तर राहिलेल्याचं मोल कळत नाही. सगळं भरलेलं असलं की वर्षाची मेहनत मातीत. अक्काबाई रडायला लागली. मला तर वाटलं, आता आमचं काम गेलं. पण मॅडमना एकदम काही सुचलं. त्यांनी विचारलं, कुणी कुठं लावलं ते आठवतं का? हे काय विचारणं झालं? लावणीतली बाई आपली पात विसरते होय? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्याच ओळीत, त्याच जागी उभ्या राहिलो आणि प्रत्येकीनं आपापलं लावलेलं उपटलं. मॅडम मोबाईलमधले आदल्या आठवड्याचे फोटो बघून ताळा करत मागून येत होत्या. सगळं जुळलं. त्या दिवशी आम्ही जेवढ्या हसलो तेवढ्या लग्नातसुद्धा हसलो नसू. मॅडम हसता हसता म्हणाल्या, शिकवायला मी विसरले, चूक माझी. आजही कुणी नवी बाई कामाला आली की पहिला धडा तोच, इथं नांगे भरायचे नाहीत.

आता शेपूट.

उपटलेली रोपं गोळा करायला मानसिंगराव पाटी घेऊन माझ्या पातीत आले. लग्नाहून सकाळीच परतले होते. रोपं झटकता झटकता म्हणाले, "भातातला नांगा भरायचा, हितला न्हाई. बरं झालं, कळलं समद्यांला."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी फाडकन म्हणाले की काही नांगे कुठंच भरायचे नसतात, मेलेल्या माणसाच्या जागी कुणाला आणून लावता येत नाही. कुणी विचारलं नव्हतं, वन्सं. कुणी नावसुद्धा घेतलं नव्हतं. माझंच मन माझ्याशी भांडत होतं आणि ते तोंडातून बाहेर पडलं.

त्यांनी पाटी भरली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्येंची जागा हाय तशीच ऱ्हाऊ द्या. तितं कुनी पाय ठिवायचा न्हाई. मी आपला शेजारच्या वाफ्यात."

आणि पाटी उचलून गेले. मी खुरपं हातात धरून तशीच बसले. ऊन डोक्यावर आलं तरी मला कळलं नाही.

आता तुम्हाला कळलं असेल मला काय विचारायचं आहे. कागद चुरगळू नका. चुलीत घालू नका. अजून थोडं राहिलं आहे, ते वाचा आणि मग काय ते करा.

त्यानंतर दीड वर्ष त्यांनी तो विषय काढला नाही. एका शब्दानं नाही, नजरेनं नाही. दोर धरला, मशीन चालवलं, चिवडा आणून दिला. मी उत्तर दिलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. मधल्या काळात जगलेली रोपं हिमाचलला गेली आणि यंदा दिवाळीनंतर त्यांचं पहिलं बी परत आलं. केवढं ते बी, राजगिरासुद्धा त्यापुढं मोठा. श्वास जोरात सोडला तर उडून जाईल. आम्ही तोंडाला पदर बांधून, वाळूत मिसळून ते पेरलं. आठवड्याभरात केसासारखी लव दिसायला लागली तेव्हा मॅडमनी पेढे वाटले आणि बाळाबाई म्हणाली, नाती आल्या गं बायांनो. त्या हिरव्या लवेकडं बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला एकदम वाटलं, आपणही अजून जिवंत आहोत. बस, एवढंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोर धरून चालताना मी विचारलं. मीच, वन्सं. त्यांनी नाही. मी विचारलं, "त्या शेजारच्या वाफ्यात अजून जागा आहे का?"

ते थांबले. दोर ढिला पडला. हसले, आणि मी त्या माणसाला पहिल्यांदा दात दिसेपर्यंत हसताना पाहिलं. मग मी लगेच म्हणाले की माझ्या वन्संना विचारल्याशिवाय मी पुढचा शब्द बोलणार नाही. ते म्हणाले, इचारलंच पायजे. त्या दिवशी तो वाफा निम्मा ओलाच राहिला आणि मॅडम आम्हाला दोघांनाही बोलल्या.

राजनंदिनीला फोनवर सांगितलं. माझी पोरगी आधी हसली, मग रडली, मग म्हणाली, आई, मी पुण्यात इथं जेवायला बसते तेव्हा तू तिथं एकटी जेवत असशील हे मनातून जात नाही. तिचा होकार आहे. पण मला भीती आहे ती तुमची.

सासूबाई गेल्या तेव्हा हे कडेवरचे होते. तुम्ही त्यांना वाढवलंत. तुम्हाला ते भाऊ नव्हते, पोर होते. ते गेल्यावर लोकांनी मला धीर दिला आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही, हे मी बघितलंय. प्रत्येक भाऊबीजेला तुम्ही एवढ्या लांबून, एसटी बदलत, गुडघा धरत येता आणि आमच्या अंगणातून चंद्राला ओवाळता. मी तुमच्या मागं ताट धरून उभी असते. आता त्याच बाईनं तुम्हाला हे पत्र लिहावं?

पण खोटं कसं लिहू? ह्यांच्यावरचं माझं मन तसूभर कमी झालेलं नाही. आणि तरीही मी आनंदात आहे, वन्सं. लिहायला लाज वाटते, पण आहे. सकाळी उठायची मला घाई असते. भाकरी थापताना गाणं म्हणते. परवा शेजारची म्हणाली, रत्नाताई, तुमचा आवाज बरा आहे हो, एवढी वर्षं कुठं ठेवला होता? लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, ते मी ऐकून घेईन. तुम्ही काय म्हणाल ते माहीत नाही, आणि तेवढंच मला ऐकायचं आहे.

मी वेल्ह्याला राहायला गेले तरी विंझरचं घर राजनंदिनीचं राहील. ते बंद पडू देणार नाही. भाऊबीजेला मी तिथंच असेन, चूल पेटलेली असेल. किल्ली हवी तर तुम्ही ठेवा. तुमचं माहेर मी मोडणार नाही.

आणि हो म्हणालात तर आणखी एक मागणं. आम्ही कचेरीत सह्या करू, फार गाजावाजा नको. पण लग्न झालेली मुलगी पहिल्यांदा माहेरी परत येते ना? माझे आईबाप गेले, भाऊ नव्हताच. मी कुणाच्या दारी येऊ? हिर्डोशीला आले तर दार उघडाल का?

गुडघ्याला तेल लावा.

तुमच्या भावाची बायको आहेच, आणि तुम्ही ठेवाल तर तुमचीही राहीन,
रत्ना

*

विंझर
२७ डिसेंबर

तीर्थरूप वन्सं,

पाया पडते. माझं आधीचं पत्र पोचलं का? पोस्टमनला विचारलं तर तो म्हणतो, घाटाकडं गेलेलं पत्र आणि सासरी गेलेली गाय, दोन्ही उशिरा पोचतात पण पोचतात.

तुमचं उत्तर नाही. आंब्याखालून फोनही नाही. याचा अर्थ नाही असा घेऊ का? घेते म्हटलं तरी मन घेत नाही. मानसिंगरावांना मी काही सांगितलेलं नाही. ते विचारत नाहीत. सकाळी दोराचं टोक माझ्या हातात देतात आणि आपल्या कडेला जाऊन उभे राहतात.

इकडची एकच बातमी. काल पाहुणे आले होते. जगलेल्या जुन्या वाफ्यावर पन्हळीतून चेंडू सोडला. तो निघाला, चालला, चालला, वाफा संपला तरी थांबेना आणि सरळ अक्काबाईच्या भाकरीच्या फडक्याला जाऊन टेकला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम मला मिठी मारून म्हणाल्या, एवढं गुळगुळीत मी आपल्या मुलखात पहिल्यांदा बघतेय. सगळे नाचत होते. मला मात्र राहून राहून वाटत होतं, हे आधी कुणाला सांगू, आणि तुम्हीच आठवत होतात.

रागावला असाल तर रागावून लिहा. चार शिव्या लिहा. कागद कोरा ठेवू नका.

वाट बघणारी,
रत्ना

*

हिर्डोशी
५ जानेवारी

चिरंजीव रत्नास,

अनेक आशीर्वाद. तुजी दोनी पत्रं मिळाली. माजं अक्षर चौथीतलं हाय, लावून वाच. तू सांगितलं व्हतंस तरी म्या शेवटचं पान आदी वाचलं. मंग पयल्यापास्नं वाचलं. मंग पत्र डब्यात घातलं आन् लई दिस कुनाशी बोलले न्हाई. सून म्हनाली, आत्या, काय झालं. म्या म्हनलं, दात दुखतोय.

खरं लिवते. राग आला. माजा अमृत गेला आन् ही गानी म्हनती, असं मनात आलं. शिव्या पन सुचल्या. तू मागितल्यास म्हनून सांगते, चारापरीस जास्त व्हत्या.

मंग एक दिस नाचनी पाखडत बसले व्हते, तवा दिवाळीचं आठवलं. त्यो तुजा मशीनवाला चिवडा घिऊन आला व्हता. तू पानी आनाया आत गेलीस. त्याला वाटलं, म्हातारी डुलकी काढती. त्यो उठला, अमृतच्या फोटूपुढं गेला, पायताण न्हवतंच पायात, टोपी काढली आन् हात जोडले. लई येळ जोडले. तू आल्यावर गपचीप जाग्यावर येऊन बसला आन् मंगच पानी पेला. कुनाला दावायला केलं न्हवतं त्यानं. म्या पापनीच्या फटीतनं बघितलं. तवा म्या मनात म्हनलं व्हतं, मानूस चांगला हाय. आता त्येच मन फिरवून कसं चाललं?

आनिक एक लिवते, त्ये आजवर कुनाला सांगितलं न्हाई. मी तिशीच्या आत हितं कपाळ पुसून बसले. तवा मला बी एकानं इचारलं व्हतं, खालच्या वाडीतला. चांगला व्हता. मला हासू बी आलं व्हतं. पन म्या कुनाला इचारनार? अमृत ल्हान, बापाची भीती, सासू कडक. म्या मान खाली घातली आन् त्यो निघून गेला. मला पत्र लिवायला कुनी न्हवतं, रत्ना. तुला म्या हाय. तू मला इचारलंस, ह्येच मला लई झालं. तुजी पत्रं घिऊन म्या आंब्याखाली बसून रडले. गावानं इचारलं, म्या म्हनलं, दात.

तर आता ऐक. व्हय. म्हंजी हो. नीट वाच, हो म्हनते.

पन कचेरीत जाऊन चोरावानी सह्या करायच्या न्हाईत. सह्या करा, त्यो कायदा हाय. पन आदी हितं माज्या दारात मांडव पडंल. माघात शेतं मोकळी असत्यात. त्याला म्हनावं, सकाळच्या पयल्या गाडीनं या, दुसरीचा भरवसा न्हाई. तुज्या त्या बाया आन् डाक्टरीण मॅडम टेम्पो करून आन. गवत एक दिस दवात ऱ्हाईलं म्हनून मरत न्हाई. तुजी वटी म्या भरनार. म्हनतील रांडाव बाईनं भरू न्हाई, तर म्हनू देत. ज्येला चालत न्हाई त्यानं जेवून घरी जावं.

साडी हिरवीच घ्यायची. पांढरीला हिरवे काठ तसली न्हाई, आख्खी हिरवी, जरीची. दुकानात मीच येते.

किल्ली मला नको. भाऊबीजेला म्या येते ती काय दाराकडं येत न्हाई, तुज्याकडं येते. तू वेल्ह्याला असलीस तर वेल्ह्याला यीन, चांद तितं बी उगवतो. आन् मांडवपरतणीला माज्याकडं यायचं का, ह्ये इचारायची गोष्ट हाय व्हय? येडी कुठली. जाताना रडायची रीत हाय, तेवढी म्या करीन. तू गाडीत बसून हासत जा.

एकच वाईट वाटतं. खाली ‘तुजी नणंद’ असं लिवायला घेतलं आन् हात थांबला. नणंद म्हंजी नवऱ्याकडची. ह्या लग्नात म्या तिकडची कशी असंन? तवा आता ह्येच लिवते.

मुलीकडची,
बनाबाई